पाळीव प्रश्न : मे महिना, माहेर आणि मोजलेल्या कोया

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मी ३१ वर्षं काढली. त्यातली पहिली वीस म्हशी, गाई आणि शेळ्यांच्या पाठीमागे गेली, म्हणजे शब्दशः पाठीमागे. कुत्री-मांजरं नंतर आली. आता वाईत घरी असते. घरात गणिताचे निवृत्त शिक्षक असलेले आमचे हे, बुंदी नावाची ठिपक्यांची गावठी कुत्री आणि साहेब नावाचा बोका. साहेबाला हे नाव कुणी ठेवलं नाही, त्यानं ते कमावलं.

एप्रिल लागला की पत्रांचा सूर बदलतो. एरवी लोक खरूज, जंत आणि केस गळण्याबद्दल विचारतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत विचारतात नवऱ्याबद्दल आणि बायकोबद्दल, नाव मात्र कुत्र्याचं लावतात.

डोंबिवलीहून एक वाचक : आमचा लॅब्रॅडॉर सात वर्षांचा आहे, वजन ४१ किलो. दर मे महिन्यात आम्ही माझ्या माहेरी, राजापूरजवळच्या गावी जातो. यंदा मिस्टर म्हणतात, त्याला बोर्डिंगमध्ये ठेवू. मागच्या वर्षी त्यांना जरा त्रास झाला होता. मला त्याला सोडून जाववत नाही. रेल्वेनं नेता येईल का? कोकणातली हवा त्याला मानवेल का?

उत्तर : रेल्वेचं आधी सांगते. कुत्र्याला सोबत न्यायचं तर फर्स्ट एसीचा दोघांचा कूपे किंवा चौघांची केबिन संपूर्ण तुमच्या नावावर लागते. टू टियर, थ्री टियर, स्लीपरमध्ये नेता येत नाही. गंमत अशी की दोन तिकिटं काढली तरी कूपेच मिळेल असं तेव्हा कुणी सांगत नाही, ते चार्ट लागल्यावर कळतं. वर पार्सल ऑफिसात आधी जाऊन त्याचं बुकिंग, लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरचा दाखला. दुसरा मार्ग म्हणजे गार्डच्या डब्यातला पिंजरा. नियमात बसतो, पण मे महिन्यात ४१ किलोच्या लॅब्रॅडॉरला मी त्यात घालणार नाही. तुम्हीही घालू नका.

मग राहिली गाडी. पहाटे चारला निघा, म्हणजे ऊन चढेपर्यंत महाड मागे पडलेलं असेल. निघण्याआधी तीन-चार तास पोटभर खायला देऊ नका, घाटात सगळं मागच्या सीटवर येतं. दर दोन तासांनी उतरवून पाणी पाजा. आणि मिसळ खायला थांबाल तेव्हा दोघांपैकी एकानं बाहेर त्याच्यापाशी बसायचं. ‘काच चार बोटं खाली ठेवली होती’ हे वाक्य मी खूप ऐकलंय. उन्हात उभी गाडी आतून दहा मिनिटांत दहाएक अंशांनी तापते, आणि चार बोटांच्या फटीनं त्यात काही फरक पडत नाही.

हवेचं म्हणाल तर कोकणातले ३३ अंश त्याला आमच्या वाईच्या ३८ पेक्षा जड जातात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम नाही. तो जिभेवाटे आणि श्वासावाटे पाणी उडवून स्वतःला गार करतो. कोरड्या हवेत ते चटकन उडतं. राजापूरच्या दमट हवेत उडतच नाही. तो धापा टाकत राहतो आणि आतून तापतच जातो. निरोगी कुत्र्याचं अंग १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे हाताला आपल्यापेक्षा गरमच लागतं, तेवढ्यानं घाबरू नका. पण धाप थांबत नाही, लाळ चिकट झालीय, हिरड्या लालभडक आहेत, चाल झोकांड्या खाते, असं दिसलं तर वाट बघू नका. तिथल्या तिथे अंगावर नळाचं पाणी ओता, पंख्याखाली घ्या, मग डॉक्टरकडे पळा. ओलं टॉवेल गुंडाळून ठेवू नका, थोड्या वेळात तेच गोधडीसारखं होतं.

गावी गेल्यावर रात्री त्याला अंगणात बांधायचं नाही. बिबट्याला बांधलेला कुत्रा म्हणजे वाढलेलं ताट. लाकडांच्या ढिगात आणि दगडी गडग्यात तोंड घालू द्यायचं नाही, तिथे फुरसं असतं. गोठ्यात गेला की गोचीड आणणार, तेव्हा त्याचं औषध निघण्याआधीच लावून घ्या. घरात मांजर असेल तर एक लक्षात ठेवा : मानेवर सोडायच्या कुत्र्याच्या काही थेंबांत पर्मेथ्रिन असतं, ते मांजराला मारून टाकतं. बाटली वाचून घ्या.

आता आंबे. इथे मी डॉक्टर म्हणून बोलत नाही.

पाच वर्षांपूर्वी, मे महिन्यातच, बुंदीला उलट्या सुरू झाल्या. आमच्या गच्चीवर तेव्हा कुरडयांचा कारभार होता. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजवून पहाटे सोऱ्यानं जुन्या धोतरावर घातलेला. राखणीला हे, हातात काठी आणि डोक्यावर टॉवेल. साहेब आदल्या दिवशी पापडांवर झोपलेला सापडला होता, म्हणून ही व्यवस्था. बुंदीनं चिकाच्या पातेल्यात तोंड घातलं होतं हे सगळ्यांनी पाहिलेलं, त्यामुळे मी निदान करून मोकळी झाले : चीक बाधला, वर ऊन. भात-ताक दिलं, उपाशी ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणीही पोटात ठरेना. मी इंजेक्शन भरत होते, आणि हे दारात उभे राहून म्हणाले, “कोया मोजल्यास का?”

मी चिडले. म्हटलं, इथे तुमचं गणित कुठे आलं?

“परवा आपण सात आंबे खाल्ले. तू तीन, मी चार. बादलीत सहा कोया आहेत.”

ह्यांनी खतासाठी कोया वेगळ्या ठेवलेल्या. मी स्वतः जाऊन मोजल्या. सहा. साताऱ्याला नेलं, फोटो काढला, पोट उघडलं. लहान आतड्यात अडकलेली कोय बाहेर आली तेव्हा माझ्याच जुन्या विद्यार्थ्यानं ती ट्रेमध्ये टाकली. तो ‘टक्’ आवाज मी विसरलेले नाही. त्याच मुलाला मी कधीकाळी शिकवलं होतं की उलटी म्हटलं की आधी विचारायचं, घरातलं काय हरवलंय. आंब्याचा रस चमचाभर चालतो. कोय चालत नाही, आणि तुमच्या माहेरच्या अंगणात मे महिन्यात पावलोपावली कोया पडलेल्या असणार.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य. ‘मागच्या वर्षी त्यांना जरा त्रास झाला होता.’ पूर्ण पत्रात एवढंच, ओझरतं. माहेर तुमचं, बहिणी तुमच्या, पडवीत गप्पा तुमच्या. मग पहाटे पाच वाजता ४१ किलोचा कुत्रा फिरवायला कोण गेलं, गावच्या कुत्र्यांशी भांडण लागल्यावर मध्ये कोण पडलं, दुपारी अंगावरच्या गोचिडी कुणी वेचल्या? मला वाटतं तुमच्या मिस्टरांना कुत्रा नको असं नाहीच. त्यांना सुट्टी हवी आहे. त्यांना विचारा, सकाळची पाळी तुम्ही घेतलीत तर ते काय म्हणतात. आणि मग खरोखर घ्या.

तरीही ते बोर्डिंगवर ठाम राहिले तर तिकडे आधी स्वतः जाऊन या. सकाळी नको, दुपारी दोन वाजता, न कळवता. पाण्याची भांडी भरलेली आहेत का, फरशी तापलीय का, किती कुत्र्यांमागे एक माणूस आहे. तुमच्याकडे लसीचं कार्ड न मागणाऱ्या जागेत कुत्रा ठेवू नका. तुमचं मागितलं नाही म्हणजे शेजारच्या पिंजऱ्यातल्याचंही मागितलेलं नाही.

नाशिकहून एक वाचक : बायको मुलांना घेऊन धुळ्याला माहेरी गेली आहे. बोका माझ्या गळ्यात. चार वर्षांचा, ऑपरेशन केलेला, गुबगुबीत. ती गेल्यापासून कोरडं खाणं वाटीत घालतो, तो खातो. पण कालपासून सारखा मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसतो, ओरडतो, काही होत नाही. स्वतःला खालून चाटत बसतो. एकदा माझ्या गादीवर दोन थेंब केले. बद्धकोष्ठ असावं. एरंडेल द्यावं का? बायकोला अजून सांगितलेलं नाही, ती उगाच परत येईल.

उत्तर : हे ईमेल शनिवारी सकाळी आलं. खाली फोन नंबर होता म्हणून हा बोका आज जिवंत आहे. मासिक छापून येईपर्यंत थांबण्याची ही गोष्ट नव्हती. त्यांच्या परवानगीनं इथे देते आहे, कारण अशी चूक एकट्या नाशिकमध्ये होत नाही.

नर मांजर ट्रेमध्ये वारंवार जाऊन जोर करतंय आणि काही येत नाही, तर शी अडकली असं समजू नका. आधी समजा की लघवी अडकली आहे. बोक्याची मूत्रनळी पेन्सिलीच्या शिशाएवढी बारीक. उन्हाळ्यात पाणी कमी, खाणं कोरडं, अंग जड, घरातली माणसं अचानक गायब, की लघवीत खडे आणि चिकट गाळ जमतो आणि नळीला बूच बसतं. लघवी आत तुंबली की रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि त्यानं हृदय बंद पडतं. हे एक-दोन दिवसांचं काम असतं. त्यांचा एक दिवस आधीच संपला होता.

मी फोनवर एवढंच म्हटलं, एरंडेल खाली ठेवा, बोका टोपलीत घाला आणि आत्ताच्या आत्ता निघा. डॉक्टरांनी भूल देऊन नळी घातली. तीन दिवस सलाइनवर होता. आता बरा आहे. क्रोसिनची पाव गोळी द्यायचा विचारही त्यांच्या मनात येऊन गेला होता, हे त्यांनी नंतर सांगितलं. पॅरासिटामॉल मांजराला अजिबात पचत नाही. त्यानंच तो गेला असता.

यापुढे पाणी एका वाटीत आणि तेही खाण्याच्या शेजारी ठेवू नका. मांजराला तिथलं पाणी आवडत नाही. घरात तीन ठिकाणी पसरट मातीची परळं ठेवा, रोज धुवा. रोजच्या खाण्यात ओलं वाढवा : उकडलेलं चिकन त्याच्या पाण्यासकट, बिनमिठाचं, बिनकांद्याचं. ट्रे साफ करताना मातीत ओले गोळे किती आहेत ते बघत चला. तुमची बायको हे रोज बघत असणार. तिनं जाताना ते सांगितलं नाही, कारण आपण बघतो हे तिलाही ठाऊक नसेल. घरातली बरीच कामं अशी असतात, करणारा घराबाहेर पडला की मगच दिसतात.

आणि बायकोला त्यांनी मंगळवारी सांगितलं. ती परत आली नाही. फक्त विचारलं, “गादी बदललीत का?”

लातूरहून एक वाचक : आमच्या पॉमेरियनचे केस उन्हाळ्यात मुळापासून काढावेत असं ह्यांचं म्हणणं. स्वतःचा ट्रिमर घेऊन तयार आहेत.

उत्तर : ट्रिमर लपवा. पॉमेरियनला केसांचे दोन थर असतात. आतली लोकर थंडीत ऊब देते, आणि वरचे लांब केस उन्हाचा चटका कातडीपर्यंत जाऊ देत नाहीत. मुळापासून काढले तर कातडी भाजते आणि केस नंतर पूर्वीसारखे येतीलच असं नाही. करायचं ते एवढंच : रोज संध्याकाळी कंगवा फिरवून आतली मेलेली लोकर काढून टाका. ह्यांना हात चालवायचेच असतील तर कंगवा त्यांच्याच हाती द्या. फिरायला नेताना डांबरावर तळहाताची मागची बाजू टेकवून सात आकडे मोजा. तुम्हाला ठेववत नसेल तर त्याचे तळवेही भाजतात.

जालन्याहून एक वाचक : सुट्टीत भाच्याला खूश करायला मिस्टरांनी आठवडी बाजारातून पोपट आणला. गळ्यात लाल-काळी कंठी आहे. काय खायला द्यावं?

उत्तर : काही दिवस पेरू आणि भिजवलेले हरभरे द्या, पण तो तुम्हाला ठेवता येणार नाही. आपल्याकडचे पोपट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित आहेत. कंठीवाला पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, विकणं तर आहेच. म्हणून गच्चीवरून उडवून मोकळं होऊ नका. पंख कापलेले असतील तर तो कावळ्यांच्या तोंडी जाईल. वनविभागाला १९२६ या नंबरवर कळवा. भाच्याला सोबत घेऊन सुपूर्द करा, त्याची सुट्टी वाया जाणार नाही. मिस्टरांना मी काही बोलत नाही, तुम्ही बोलला असालच.

कोल्हापूरहून एक वाचक : आम्ही दोघं निवृत्त. लग्नाला ३८ वर्षं झाली. हिमाचलला जायचं मी बँकेत नोकरी करत असल्यापासून ठरवते आहे. आमची कुत्री १४ वर्षांची आहे, एका डोळ्यानं दिसत नाही. मुलगी म्हणते, मी येऊन राहते आठ दिवस. मिस्टर ऐकतच नाहीत. “ती आपल्यामागे गेली तर?” हे एकच वाक्य. मलाही तिच्याबद्दल माया आहे हो. पण माझेही गुडघे आहेत, आणखी किती वर्षं थांबू?

उत्तर : तुमचं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “तिला म्हणावं, जा.” मी म्हटलं, तुम्ही असता तर गेला असतात का? तर उठून झाडांना पाणी घालायला गेले.

आधी कामाचं. म्हाताऱ्या, कमी दिसणाऱ्या कुत्रीला स्वतःच्याच घरात, माहितीच्या माणसाबरोबर ठेवणं सगळ्यात चांगलं. मुलगी येते म्हणतेय हे मोठं नशीब आहे. तिला दोन दिवस आधी बोलवा. पाळ्या, औषधं, फिरायची वाट तुमच्यासमोर करून घ्या. फर्निचर जराही हलवू नका, आंधळ्याला घर पाठ असतं. निघण्याआधी रक्त-लघवी तपासून घ्या. किडनीचा त्रास या वयात असू शकतो, आणि उन्हाळ्यात उघडा पडतो. डॉक्टरांशी मुलीची ओळख करून द्या. आणि एक गोष्ट बोलून ठेवा, ती अवघड आहे : तुम्ही नसताना काही झालं तर मुलीनं कुठवर जायचं, ऑपरेशन करायचं की नाही, हे तिच्यावर सोडू नका. कागदावर लिहून द्या.

एवढं करूनही ‘ती आपल्यामागे गेली तर’ याचं उत्तर माझ्याकडे नाही. जाऊ शकते. तुम्ही घरात असतानाही जाऊ शकते, तुम्ही स्वयंपाकघरात आणि ते पेपर वाचत असताना. मी अशा किती तरी बघितल्या. मिस्टरांना हिमाचल नको आहे असं मात्र समजू नका. त्यांना ती वेळ चुकवायची नाही. ते माझ्या वडिलांसारखे आहेत. बैल विकायचा ठरला की ते आठ दिवस गाव सोडत नसत.

मी तुमच्या जागी असते तर एकटी गेले असते. मैत्रिणींबरोबर, यात्रा कंपनीबरोबर, कशीही. ते त्यांच्या कुत्रीपाशी राहतील, तुम्ही तुमच्या डोंगरापाशी. हे भांडण नाही. आमच्याकडे अकरा वर्षं असंच चाललंय. बुंदी आल्यापासून आम्ही दोघं मिळून घराबाहेर एकही रात्र काढलेली नाही. लग्नांना मी सकाळी जाते, हे रिसेप्शनला. गेल्या वर्षी मी बहिणीबरोबर गुजरातला गेले. यंदा पाळी ह्यांची आहे, १२ तारखेला भावाबरोबर गणपतीपुळ्याला निघतात. ह्यांनी चार दिवस आधीच बॅग भरली आहे आणि साहेब तेव्हापासून तिच्यात झोपतोय, तेव्हा कपडे परत धुवायला टाकले आहेत.

कृष्णाकाठी पहाटेची फेरी मग माझ्याकडे येईल. गणपती घाटाशी मे महिन्यात पाणी गुडघ्याएवढंही नसतं. बुंदी त्यात नुसती बसून राहते, आणि मी पायरीवर. रात्री आठला ह्यांचा फोन येईल. ती जेवली का, शी कशी होती, कोयांची बादली वर ठेवलीस का, एवढं विचारून ठेवून देतील. मग पाच मिनिटांनी परत वाजेल. तो फोन माझ्यासाठी असतो.